शिवलेली बाही

किशनगडच्या पुढे, राजस्थान
९ फेब्रुवारी २००२

प्रिय ताई,

हात बांधलेला नाही, नुसती बाही शिवली आहे, हे तू पत्रात दोनदा लिहिलंस. दोनदा लिहिलं म्हणून ते निराळं होतं का? तुझी मोहिनी, सहा वर्षांची पोर. तिच्या झग्याची डावी बाही चार बोटं लांब ठेवायची, मशीनवर टीप मारून तिचं तोंड बंद करायचं, आणि वर म्हणायचं, बांधलं तर नाही ना. पोराला पोत्यात घालून पोत्याचं तोंड शिवलं तर ते बांधणं होत नाही, असं तुझं म्हणणं दिसतंय. दिवाळीत फोनवर आपलं यावरूनच वाजलं होतं. तेव्हा तुझ्या सासूबाई झुंबरबाई मोहिनीच्या हातावर नुसती चापट मारत होत्या, आणि इकडे एसटीडीवाल्याचं मीटर पळत होतं, म्हणून मी गप्प बसलो. कागदाला मीटर नसतं. आता मी बोलणार आणि तू ऐकणार.

तुझी कारणं मी वाचली. झुंबरबाई बुधवारी मोहिनीला बाजारात घेऊन बसल्या, पहिलंच गिऱ्हाईक आलं, आणि पोरीने मेथीची जुडी डाव्या हाताने पुढे केली. बाईने जुडी परत टाकली, भवानी झाली नाही, आणि त्या दिवशी अर्धा माल तसाच घरी आला. बरं. त्याच्या आदल्या बुधवारी पोर घरी होती, तेव्हा माल सगळा खपला होता का? ते तू लिहिलं नाहीस. आणि नाशिकला गंगेवरच्या बाजारात त्या दिवशी सगळ्यांचीच मेथी पडून राहिली असेल तर तिथे किती डावऱ्या पोरी बसल्या होत्या, ते एकदा मोजून ये म्हणावं. मी झुंबरबाईंना वाईट म्हणत नाही. त्यांनी मला त्यांच्या हाताने वांग्याचं भरीत वाढलंय, ते मी विसरणार नाही. पण बाही त्यांनी नाही शिवली, तू शिवलीस. मशीन तुझं आहे, मी दिलेल्या पैशांतून घेतलेलं. आज त्या मशीनचाच राग येतोय.

आणि शेवटी जे लिहिलंस ते सगळ्यात लागलं. म्हणे, तुझं बघून शहाणी झाले, मोहिनीचं तसं व्हायला नको. चौथीत शाळा सोडली, सहा वर्षांत पाच ठिकाणी कामं केली, कुठे बूड टेकत नाही, लग्नाचं नाव काढलं की पळतो, आणि हे सगळं कशाने, तर लहानपणी हात वळवला नाही म्हणून. ताई, माझ्या पायाला भोवरा आहे हे मला कबूल. सिन्नरच्या कंपनीत मला आठच महिने कंटाळा आला नाही, तिथून वापीला गेलो तिथेही तेच. पण त्याचा हाताशी काय संबंध? शाळेचं म्हणशील तर मी डाव्या हाताने शाळा सोडली नाही, उजव्याने सोडली. डाव्याने माझा ‘क’ चांगला यायचा, तुला माहीत आहे, तूच शिकवला होतास पाटीवर. गुरुजींनी पेन्सिल उजव्या हातात कोंबली आणि माझी सगळी अक्षरं दारू प्यायल्यासारखी पडायला लागली. पोरं हसायची. मग मी दप्तर जांभळीत लटकवून ओहोळावर खेकडे धरायला लागलो. आज हे पत्र डाव्याने लिहितोय. शाई पसरलेली दिसेल, कारण लिहिलेल्यावरून हात पुढे जातो. सहा दिवस लागलेत लिहीत इथवर यायला. पण अक्षर लागतंय ना? मोहिनीने तुझ्या पत्राच्या कोपऱ्यात उजव्याने लिहिलेलं ‘मामा ये’ मला लागायला वेळ लागला. तू कौतुकाने लिहून घेतलंस, बघ किती सुधारली म्हणून. मी त्या दोन शब्दांकडे बघत बसलो आणि माझ्या भाकरी थंड झाल्या.

आता जरा इकडचं सांगतो, म्हणजे तुझा रागही उतरेल आणि माझाही. रस्त्याचं काम जोरात आहे. थंडी मरणाची आहे, दोन्ही बाजूंना मोहरी पिवळीधमक फुललीय, आणि उंट बघून आता मला काही वाटत नाही. मी खड्डे खणायच्या टोळीतून सुटलो. साहेब लोक तीन पायांच्या घोडीवर दुर्बीण लावून जमिनीचा चढउतार मोजतात, त्यांच्याबरोबर मी असतो. खुंट्या ठोकायच्या, आकडे लिहिलेली उंच पट्टी धरून उभं राहायचं. आमचे महापात्र साहेब ओरिसाचे आहेत. वय पन्नाशीचं, खिशात कायम शेंगदाणे, रागावले की ओडिया बोलतात, त्यामुळे कोणाला वाईट वाटत नाही. पंधरा दिवसांपूर्वी त्यांच्या डोळ्यात काही तरी गेलं आणि ते म्हणाले, पुंजा, तू बघ आणि आकडा सांग. मी वाकून डोळा लावला. आकडा सांगितला, बरोबर आला. तर ते आकडा राहिला बाजूला आणि माझ्याकडेच बघत बसले. म्हणाले, तू खुंटी डाव्या हाताने ठोकतोस, मग दुर्बिणीला उजवा डोळा का लावलास?

मला काय माहीत. डोळ्याला पण डावंउजवं असतं हेच मला पहिल्यांदा कळलं. मग त्यांनी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत सांगितलं. माणसाचा जसा एक हात पुढे असतो, तसा एक पाय, एक डोळा आणि एक कान पण पुढे असतो. आणि हे चौघे एका घरचे असले तरी एकाच बाजूला बसतील असं नाही. बहुतेक उजव्या माणसांचा पायही उजवा असतो, डाव्यांचं थोडं मागेपुढे होतं, आणि डोळा तर हाताला फारसा विचारतच नाही. दहात एखादा हात डावा, पण डोळे बघशील तर तिघांत एखादा डावा निघतो. जन्माला येतानाच बरंचसं ठरलेलं असतं, म्हणाले, कोणाच्या लाडाने नाही आणि कोणाच्या पापाने नाही. हे सगळं त्यांनी असं सांगितलं जसं आपले बाबा भाताच्या जाती सांगायचे. चूक नाही, बरोबर नाही, अमकं हळवं, तमकं गरवं.

मग काय, मला नादच लागला. तू ओळखतेसच. संध्याकाळी कॅम्पवर सतरा जण असतात, सगळ्यांना मी धरलं. जाड रोटीला मधोमध भोक पाडायचं आणि त्यातून चूल बघायला लावायची, म्हणजे डोळा कळतो. दगड लाथाडायला सांगायचं, नाली उडी मारून ओलांडायला सांगायची, म्हणजे पाय. पत्र्याच्या पलीकडे रेडिओ लावून, नीट ऐक बरं काय म्हणतोय, असं सांगायचं. जो कान पत्र्याला लागेल तो त्याचा. आमचा भंवरलाल आचारी चिडला, सतरा रोट्यांना भोकं पाडली म्हणून. त्या दिवशी सगळ्यांनी भोकाच्या रोट्या खाल्ल्या. मी स्वतः हात डावा, पाय डावा, कान डावा आणि डोळा उजवा निघालो. साहेब म्हणाले, तुझ्या घरात तीन भाऊ एकीकडे आणि एक सासरवाडीला राहायला गेलेला.

आमच्यात नाथा म्हणून एक आहे, नांदगावचा, रोलरवर असतो. जेवतो उजव्याने, लिहितो उजव्याने, सगळं उजव्याने. पण पाय डावा, डोळा डावा, कान डावा. टाळी वाजवताना डावा हात वर. मी थट्टेने म्हटलं, तीन डाव्यांत हा एक उजवा कुठून आला, पाहुणा आहे का? तो हसला. मग हसत हसतच म्हणाला की त्याची आजी त्याच्या डाव्या हाताच्या बोटांना मिरचीचं पाणी लावायची, रोज सकाळी, पोरगं मोठं होऊन सवय लागेपर्यंत. विसरूनच गेलो होतो, म्हणाला. त्या दिवशी त्याने अर्धीच रोटी खाल्ली. मी साहेबांना विचारलं, म्हणजे हात वळवता येतो, बाकीच्यांना कोणी हात लावत नाही, म्हणून ते खरं सांगतात का? साहेब म्हणाले, हे काही ज्योतिष नाही, यावरून कोणाचं काही छातीठोक सांगू नकोस, तुझाच डोळा बघ ना. फक्त माणसाला विचारता येतं, एवढंच.

त्या दिवसापासून ताई, माझ्या डोक्यातून तू जात नाहीस.

तुझं लग्न आठवतं. मी चौदा वर्षांचा होतो, तुझ्या पाठोपाठ पाठराखणीला आलो होतो. दारात तांदळाचं माप ठेवलेलं. उजव्या पायाने लवंडून आत यायचं, हे पोरीबाळींनाही माहीत असतं. आणि तू डावा पाय उचललास. वत्सलामामींनी पदर ओढला, तू गडबडीने पाय बदललास, तोल गेला आणि दाजींनी सावरलं. सगळ्या बायका हसल्या, म्हणाल्या, नवरी भांबावली. मीही हसलो होतो. गेल्या वर्षी मला सोडायला नाशिकरोडला आलीस, बूथवरून घरी फोन केलास. तुझ्या हातात लिहायला काही नव्हतं, पिशवीही नव्हती, तरी रिसीव्हर उजव्या हाताने उचललास आणि मान वाकडी करून डाव्या कानाला नेलास. सुईत दोरा ओवताना तू उजवा डोळा मिटतेस, लहानपणी मी तुझी नक्कल करायचो, आठवतं का? पण साहेबांनी सांगितलंय, छातीठोक काही सांगायचं नाही. म्हणून मी एवढ्यावर काही म्हणालो नसतो. मला आणखी एक आठवलं. ते पूर्वीही आठवायचं, पण मला त्याचा अर्थ लावता येत नव्हता.

मी पाच वर्षांचा, तू अकराची. आई सकाळी शेतावर निघताना माझा डावा हात चिंधीने करदोड्याला बांधायची आणि मला तुझ्या हवाली करायची. पोरगा डावरा राहिला तर भाताच्या सोंगणीला त्याला कोणी ओळीत घेणार नाही, हे तिचं रोजचं. ते खोटंही नव्हतं. ओळीत सगळ्यांचे विळे एका अंगाने चालतात, मध्ये एक डावरा घुसला की शेजाऱ्याच्या बोटांवर येतं. तर आई दिसेनाशी झाली की तू मला ओहोळावर न्यायचीस आणि चिंधी सोडायचीस. काही बोलायची नाहीस. मी दिवसभर डाव्या हाताने दगड मारायचो, चिखलाचे बैल करायचो. तू माझ्या हातात काडी देऊन रेतीत अक्षरं काढून घ्यायचीस. आणि ऊन उतरलं की परत बांधायचीस, आईला कळू नये म्हणून तितकीच घट्ट. कितीतरी दिवस असं चाललं. मग एक दिवस आई माझ्यापुढे उकिडवी बसली आणि ती गाठ बघत राहिली. सकाळी तिने मारलेली गाठ एका अंगाने वळलेली असायची, ही दुसऱ्या अंगाने वळलेली होती. मला वाटलं आता मला मार बसणार. पण आई उठली, तुझ्याकडे गेली, तुझा डावा हात धरला आणि चुलीची फुंकणी त्याच्यावर मारली. फक्त त्याच हातावर. तू रडली नाहीस, हात मागेही घेतला नाहीस. तुला त्या माराची ओळख होती, ताई. मला आज ते कळतंय. मला इतकी वर्षं वाटायचं, माझी चिंधी सोडलीस म्हणून मारलं. चिंधी सोडल्याचं कारण असतं तर तिने कुठेही मारलं असतं.

त्यानंतर माझा हात बांधणं बंद झालं. ते का झालं, तेही मला आता कळल्यासारखं वाटतं. बाबा त्या दिवशी आईला एवढंच म्हणाले होते, “एकीचं केलंस तेवढं पुरे झालं.” पुढे मी बारा वर्षांचा झाल्यावर त्यांनी घोटीच्या बाजारातून माझ्यासाठी उलट्या धारेचा विळा करून आणला आणि सोंगणीला मला बांधाकडच्या शेवटच्या पट्टीत लावलं, म्हणजे माझ्या अंगाला कोणी नको. प्रश्न संपला. एका विळ्याचा आणि एका पट्टीचा प्रश्न होता. आईला मी दोष देत नाही. आता ती नाही, विचारताही येत नाही. मुलगी डावरी म्हटल्यावर देवाच्या कार्यात कोण हात लावू देईल, कोण सून करून घेईल, या भीतीने तिने केलं असेल. भीतीने माणूस आपल्याच लेकराला काय काय करतो. तू पण आता भीतीनेच करतेस, ते मला दिसतं. तुला वाटतं, मोठं झाल्यावर फुंकणी बसण्यापेक्षा आत्ताच बाही शिवलेली बरी, आणि ती आपल्याच हाताने शिवलेली बरी. तू लिहिलंस की मोहिनी दिवसभर शिवलेल्या बाहीचं टोक तोंडात धरून चावते, ओलं करते, फार द्वाड झाली आहे. ताई, ती द्वाड नाही. तिला ती शिवण उसवायचीय. मला ओहोळावर न्यायला तू होतीस. तिच्या पाठीशी कोणी नाही, आणि तुला तर कधी कोणी नव्हतंच.

हे पत्र मोहिनीसाठी भांडायला लिहायला घेतलं होतं. चार पानं झाली तेव्हा कळलं, भांडण नव्हतंच. मला तुला विचारायचं होतं, आणि ते फोनवर, दाजी शेजारी उभे असताना विचारता आलं नसतं. तू डावरी होतीस का? माझं चुकत असेल तर कागद फाड आणि पुढच्या खेपेला पोटभर हस माझ्यावर, रोटीला भोकं पाडणारा शहाणा म्हणून. पण चुकत नसेल तर एक कर. दुपारी सगळे मळ्यात गेले की मोहिनीला जवळ घे, तिची बाही उसव, आणि तिच्या शेजारी बसून डाव्या हातात पेन्सिल धरून तुझं नाव लिही. एकतीस वर्षांत त्या हाताला कोणी विचारलेलं नाही, त्यामुळे वाकडंच येईल. तिला बघू दे की आईचंही वाकडं येतं. तो कागद मला पाठव. बाकी काही लिहू नकोस, खुशाली पण नको. मला तुझं तेवढं नाव वाचायचंय.

तुझ्या हातून सुटलेला, तुझाच
पुंजा

ता. क. झुंबरबाईंना माझ्या नावाने एक चांगलं नऊवारी लुगडं घे, हिरवं घे, त्यांना हिरवं आवडतं. नवं लुगडं मिळालेली बाई आठ दिवस तरी घरात कोणाला काही बोलत नाही. तेवढ्या आठ दिवसांत पोरीचा हात मोकळा फिरू दे, आणि मेथी खपते की नाही तेही त्यांना त्यांच्या डोळ्यांनी बघू दे. नवव्या दिवशी काही म्हणाल्याच तर सांग, पुंजाने सांगितलंय, भांडायला मी स्वतः येतो. मनीऑर्डर आज सकाळी केली आहे, रुपये चारशे पन्नास.